आधी थ्री फेज, मग कर्ज

गावात धंदा टाकायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती कर्जाची. कोणती योजना, किती टक्के सबसिडी, फाईल कोण करून देतो. ही माहिती हवीच. पण गावात जी शटरं कायमची खाली आली आहेत, त्यांच्या मालकांशी बोललं तर ऐकायला मिळतं ते वेगळं: लाईट टिकत नव्हती, पावसाळ्यात मालाचा टेम्पो गावात येत नव्हता, गिऱ्हाईक तालुक्याला जायला लागलं. कर्ज मिळालं होतं, पण ते फेडण्याइतकं दुकान चाललं नाही.

गावात काय चालेल आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी गावातल्या सोयी ठरवतात. रस्ता, वीज, पाणी, एसटी, बँक, बाजाराची जागा. म्हणून धंदा निवडण्याआधी या सोयी एकेक करून तपासाव्यात, आणि ज्या नाहीत त्या ग्रामपंचायतीकडे रीतसर मागाव्यात, असं माझं ठाम मत आहे. कर्जाचा अर्ज त्यानंतर.

दूध संकलन केंद्राचं उदाहरण घेतो, कारण सोय आणि धंदा यांची गाठ तिथे उघड दिसते. पहाटे सहाच्या सुमाराला किटल्या आणि कॅन घेऊन लोक यायला लागतात. दूध काट्यावर मोजलं जातं, वाटीभर नमुना अ‍ॅनालायझरच्या नळीखाली धरला जातो आणि मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात: फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, पाण्याचं प्रमाण. गाईच्या दुधाचा दर ठरवताना 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया बराच काळ धरला गेला आहे. पॉइंट कमी पडला की दर कापला जातो. पावती हातात पडली की माणूस शेताकडे वळतो. त्याच्यापुरतं काम संपलं, पण केंद्र चालवणाऱ्याची घाई तिथून सुरू होते.

धार काढली तेव्हा दूध जनावराच्या अंगाइतकं गरम असतं. त्या तापमानाला त्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि उन्हाळ्यात तर काही तासांत दूध फाटण्याच्या वाटेला लागतं. उपाय एकच, ते लवकरात लवकर 4 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणं. गावातला बल्क कूलर हे काम साधारण तीन तासांत करतो, पण त्याचा कॉम्प्रेसर थ्री फेजवर चालतो. सकाळच्या वेळी फेज गेला की जनरेटर लावावा लागतो, आणि डिझेलचा खर्च केंद्राच्या कमिशनमधून जातो. ते कमिशन लिटरमागे मोजक्या पैशांचं किंवा रुपया-दोन रुपयांचं असतं, त्यामुळे रोज दोन तास जनरेटर चालला तर महिन्याच्या शेवटी हाती फारसं उरत नाही. टाकी आणि कॅन धुवायला रोज भरपूर स्वच्छ पाणी लागतं. शेवटी टँकर यावा लागतो. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली आणि टँकर पलीकडेच थांबला, तर थंड केलेलं दूधही वाट पाहू शकत नाही. वीज, पाणी आणि रस्ता, तीनही सोयींची परीक्षा या एका धंद्यात दिवसातून दोनदा होते.

दुधाचा पगार दर दहा किंवा पंधरा दिवसांनी होतो. उसाचं बिल वर्षातून एकदा-दोनदा येतं, सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, पण दुधाचे पैसे तारखेला येतात. ‘पगार झाला की देतो’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा किराणा दुकानदार निर्धास्तपणे उधार देतो. पेंडीचं दुकान, औषधाचं दुकान, शिकवणीची फी, बचत गटाचा हप्ता, सगळे याच तारखांवर बसतात. चालतं संकलन केंद्र असलेल्या गावात दुसरा छोटा धंदा टाकणं म्हणूनच सोपं जातं. गावात पैसा किती येतो याच्याइतकंच तो कधी आणि किती वेळा येतो, हेही नव्या दुकानदाराने विचारून घ्यावं.

आता विजेकडे. ‘आमच्या गावात लाईट आहे’ एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. केंद्र सरकारच्या 2004 च्या व्याख्येनुसार, गावातली 10 टक्के घरं आणि शाळा, पंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक जागा जोडल्या गेल्या की ते गाव विद्युतीकरण झालेलं मानलं जाई. ती व्याख्या दिव्यापुरती ठीक होती, धंद्याला तिचा उपयोग नाही. धंद्याला लागतो तो तारेवरच्या तीन फेजचा, पुरेशा दाबाचा आणि दिवसभर टिकणारा पुरवठा. महाराष्ट्रात गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. त्यामुळे गावठाणात बऱ्याचशा ठिकाणी दिवसभर वीज राहते, पण शेतीच्या फीडरवर थ्री फेज साधारण आठ तास आणि तीही पाळीपाळीने मिळते. आजकाल बरीच कुटुंबं मळ्यात, वस्तीवर राहायला गेली आहेत. स्वतःची जागा आहे म्हणून वस्तीवर गिरणी टाकली आणि तिथला फीडर शेतीचा निघाला, तर मोटर रात्री चालवायची पाळी येते, आणि रात्री दळण घेऊन कोणी येत नाही. जागा ठरवण्याआधी लाईनमनला एकच प्रश्न विचारायचा: हा डीपी कोणत्या फीडरवर आहे?

पिठाच्या गिरणीला साडेसात-दहा अश्वशक्तीची मोटर लागते. महावितरणच्या दरपत्रकात पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला कांडप हे औद्योगिक वर्गवारीत मोडतात. ही वर्गवारी दुकानांसाठीच्या व्यापारी दरापेक्षा स्वस्त असते, त्यामुळे अर्ज करताना वर्गवारी नीट लिहिली आहे ना, हे स्वतः पाहावं. चुकीच्या वर्गवारीचं बिल वर्षानुवर्षं भरत राहिलेले गिरणीवाले आहेत.

गिरणी चालेल की नाही, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा गावात 250 घरं आहेत आणि एका घराचं दळण महिन्याला 40 किलो. किलोमागे 5 रुपये धरले तर सगळं दळण मिळून महिन्याला 50,000 रुपये होतात. पण अर्ध्या घरांत घरघंटी आली असेल, तर राहिले 25,000. त्यातून वीजबिल, दगडाला टाकी लावणं, पट्टे, बेअरिंग, बँकेचा हप्ता आणि स्वतःची मजुरी काढायची. एकट्या दळणावर हे ओढाताणीचं होतं. म्हणून जाणते गिरणीवाले उन्हाळ्यात मिरची-मसाल्याचं कांडप करतात, शेवयांचं मशीन लावतात, कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून देतात. घरघंटीवर ही कामं होत नाहीत, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यांना बायकांची रीघ असते.

या हिशेबामागे एक जुना विचार आहे. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा आणि शहरांचा अभ्यास करून दोन गोष्टी मांडल्या. प्रत्येक धंद्याला टिकण्यापुरतं किमान गिऱ्हाईक लागतं, आणि प्रत्येक वस्तूसाठी माणूस ठराविक अंतरच चालून जातो. मिठासाठी कोणी दहा किलोमीटर जात नाही, लग्नाच्या बस्त्यासाठी साठ किलोमीटरही जातं. म्हणून मिठाचं दुकान गावोगाव असतं आणि बस्त्याचं दुकान पेठेत. भारतात याच विचाराने 1970 च्या सुमाराला हैदराबादच्या राष्ट्रीय सामुदायिक विकास संस्थेने मिरियालगुडा तालुक्याची पाहणी केली होती. कोणती सोय कोणत्या गावात दिली तर आसपासच्या जास्तीत जास्त गावांना उपयोगी पडेल, हे त्यात शोधलं होतं. आपल्याकडे आजही ही दृष्टी कमी दिसते. मोठी सोय प्रत्येक गावाला आपल्याच हद्दीत हवी असते, आणि तिला पुरेल इतकं गिऱ्हाईक एका गावात नसतं.

आपल्या जुन्या व्यवस्थेने हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला होता. एक म्हणजे बलुतं. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांना कामागणिक पैसे न देता वर्षाच्या खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे. छोट्या गावातही कारागीर टिके तो या बांधलेल्या उत्पन्नामुळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही घडी तपशिलाने नोंदवली आहे. पण तिच्यात जातीची सक्ती होती, माणसाला आपला धंदा निवडता येत नव्हता आणि सर्वांत जड काम सर्वांत खालच्या मानलेल्यांवर लादलं होतं. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते याच कारणासाठी. ती व्यवस्था परत येऊ नये. तिच्यातली घेण्याजोगी गोष्ट एकच, वर्षभराचं बांधलेलं गिऱ्हाईक. शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा तरुण वीस-पंचवीस शेतकऱ्यांशी वर्षाच्या देखभालीचा करार करू शकतो, आणि त्याचं निम्मं भाडं तिथेच निघतं.

दुसरी तऱ्हा आठवडी बाजाराची, आणि ती अजून जोमात आहे. एका गावात रोजचं गिऱ्हाईक पुरत नसेल, तर दुकानानेच फिरायचं. सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी. पाल ठोकणाऱ्या व्यापाऱ्याला सहा गावांचं गिऱ्हाईक मिळतं आणि सहाही गावांना दुकान मिळतं. नव्याने धंद्यात पडणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला आहे की गाळा भाड्याने घेण्याआधी चार-सहा महिने आसपासचे बाजार करावेत. मसाले असोत, तयार कपडे असोत, रोपं असोत किंवा पापड-लोणची, माल कोणत्या गावात उठतो, लोक कोणत्या पाकिटाला हात घालतात, दहा रुपयांच्या की पन्नासच्या, हे तिथे कळतं. अनामत गुंतत नाही आणि चूक झालीच तर पुढच्या आठवड्यात सुधारता येते.

रस्त्याच्या बाबतीत एक गैरसमज आहे की डांबरी सडक आली की गावात धंदे उभे राहतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. सपाटीवर 500 आणि डोंगरी, आदिवासी भागात 250 लोकवस्तीच्या वाड्यांना बारमाही रस्ता द्यायचा, असं तिचं सूत्र होतं. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी या रस्त्यांचा देशपातळीवर अभ्यास केला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. रस्ता झाल्यावर चार वर्षांनी त्यांना दिसलं ते असं: लोक शेतीतून बाहेर पडून मजुरी-नोकरीकडे वळले, वाहतुकीची साधनं वाढली, पण गावातल्या उद्योगांमधला रोजगार थोडाच वाढला आणि शेतीत, उत्पन्नात मोठा फरक पडला नाही. रस्ता हवाच, दवाखान्यासाठी आणि शाळेसाठी तर आधी हवा. पण त्याच्या जोडीला दुसऱ्या सोयी आल्या नाहीत, तर तो माणसं बाहेर नेण्याचं काम जास्त करतो.

एसटीचंही तसंच. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून गावाचा बाजार गाडीच्या वेळेवर चालत आला आहे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण दवाखान्याला किंवा माहेराला जायला घरात कोणाकडे पैसे मागावे लागणं कमी झालं. मात्र त्याच गाडीने गावाच्या कापड दुकानाचं आणि भांड्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक तालुक्याच्या पेठेत गेलं. ज्या वस्तू निवडून, चार दुकानं हिंडून घेतल्या जातात, त्या धंद्यांत गावाने पेठेशी स्पर्धा करू नये. टिकतात ते वेगळे: जे रोज लागतं, जे जड असतं, जे अडल्यावर जागेवरच दुरुस्त करावं लागतं. दळण, पशुखाद्य, पंक्चर, मोटार रिवायंडिंग, ठिबकचे सुटे भाग, केशकर्तनालय, पिण्याच्या पाण्याचे जार. सकाळच्या मुक्कामी गाडीने माल बाहेर पाठवता येत असेल, तर त्यात भाजी, फुलं, खवा हेही आले.

बँकेबद्दल सांगायचं तर माणदेशाकडे बघावं. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने गावातल्या बायकांनी आपली सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शाखेत पैसे भरायला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हे लक्षात आल्यावर बँकेची माणसंच बाजारात आणि दारात जाऊन पैसे घेऊ लागली. पाल मांडून बसणाऱ्या भाजीवालीला हीच सोय हवी असते. तिचं भांडवल पहाटे लागतं आणि संध्याकाळी मोकळं होतं, आणि हे चक्र न समजणाऱ्या बँकेमुळे ती सावकाराकडे जाते.

आता जागा आणि कागद. गावठाणातल्या घराचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही, म्हणून त्याच्यावर तारण कर्ज द्यायला बँका कचरतात. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहण्याचा प्रयोग झाला आणि पुढे 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना आली. मोजणी झालेल्या गावठाणात आता मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावाची मोजणी झाली का आणि पत्रिकेवर नाव, क्षेत्र बरोबर आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहून घ्यावं. भावकीतली तक्रार कर्जाच्या वेळी निघण्यापेक्षा आधी निघालेली बरी. शेतजमिनीवर शेड टाकायची असेल तर बिगरशेतीचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक आराखड्यात विकासयोग्य विभागात असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे वेगळ्या परवानगीची गरज नसते. रूपांतर कर भरला की काम होतं.

यानंतर योजना. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात 2022 पासून उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटांना 35 टक्के अनुदान असतं. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. अर्ज भरणाऱ्यांना बहुधा सांगितली न जाणारी गोष्ट अशी की हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकवून ठेवतात आणि युनिट चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात वळतं करतात. अनुदानातून पहिल्या वर्षाचे हप्ते भागवू, असा हिशेब करणारा म्हणूनच फसतो. तीन वर्षं धंदा स्वतःच्या पायावर चालला पाहिजे, आणि तो चालायला वर सांगितलेली वीज, पाणी, रस्ता लागतात. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी 2020 मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. डाळ मिल, गूळ, मसाले, बेदाणा, काजू यांना तिचा चांगला उपयोग होतो.

राहिला प्रश्न नसलेल्या सोयी कोणाकडे मागायच्या याचा. 24 एप्रिल 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, बाजार आणि जत्रा, लघुउद्योग हे सगळे आहेत. पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी पंचायतींना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, आणि 40 टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. तो कशावर खर्चायचा, हे गावाच्या विकास आराखड्यात ठरतं. आराखड्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तिथे समाजमंदिराचा रंग आणि कमान यांची मागणी होते, पण बाजारतळाची क्वचितच होते.

बाजारतळ म्हणजे बहुतेक गावांत मोकळं मैदान. पावसात चिखल, उन्हात फुफाटा, पाण्याचा नळ नाही, संध्याकाळी दिवा नाही. तिथे बसणाऱ्यांकडून पंचायत बाजारपट्टी घेते, अनेक ठिकाणी वसुलीचा लिलावही करते. त्या उत्पन्नाच्या बदल्यात रांगेने ओटे, एक नळ, दोन दिवे आणि गाड्या उभ्या करायला मुरूम टाकलेली जागा, एवढं मागणं काही जास्त नाही. भाजी विकायला येणाऱ्या बाया सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत बसतात आणि स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. सार्वजनिक स्वच्छतागृह तर स्वच्छतेच्या बांधील पैशातूनच होऊ शकतं. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ही मागणी तिथे मांडावी, ठरावाच्या वहीत शब्दशः लिहून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून ठरावाची नक्कल मागावी.